करंटचं श्रेय किती? ठाण्यातल्या एका कंबरदुखीचा प्रकरण अभ्यास

रुग्ण ४६ वर्षांच्या बाई. राहायला कळव्याला, नौपाड्यात पोळी-भाजी केंद्र चालवतात. हाताखाली दोन बायका. पहाटे साडेपाचला कणीक, दुपारी एकपर्यंत डबे, मग संध्याकाळची दुसरी पाळी. कंबरदुखी सहा-सात महिन्यांची. ओळख पटू नये म्हणून वैद्यकीय मुद्द्यांना धक्का न लावता काही तपशील बदलले आहेत. मी त्यांची फिजिओथेरपिस्ट. इथे त्यांना ताईच म्हणते, क्लिनिकातही तेच म्हणत होते.

या प्रकरणात दुर्मिळ असं काही नाही. ठाण्यातल्या कुठल्याही फिजिओथेरपी क्लिनिकात अशा बायका दर आठवड्याला येतात. ते लिहून काढावंसं वाटलं याचं कारण वेगळं आहे. ताई बऱ्या झाल्या, आणि कशाने झाल्या हे त्यांना विचारलं तर त्या एक उत्तर देतात, त्यांचे यजमान दुसरं देतात, माझं तिसरंच आहे. कंबरदुखीत हे नेहमीचंच. उपचाराचा जो नेमका गुण सांगितला जातो (करंट म्हणजे त्वचेवरून दिलेला सौम्य विजेचा प्रवाह, गोळी, सुई, अमुक व्यायाम) त्याखेरीज बाकी पुष्कळ काही त्या खोलीत आणि रुग्णाच्या घरात चालू असतं. गेलेला काळ, मनातली अपेक्षा, कुणी काय समजावलं, हात कसा लावला, उपचार करणाऱ्याशी कितपत जमलं, घरचे कसे वागले. शास्त्रीय लिखाणात यांना ‘अविशिष्ट घटक’ म्हणतात आणि बहुतेक वेळा ते तळटिपेत जातात. या प्रकरणात ते तळटिपेत मावत नाहीत.

आधी काय काय झालं होतं

संक्रांतीच्या आधी तीळगुळाच्या ऑर्डरी चालू होत्या. जांभळी नाक्यावरून सामान आणून झालं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कणकेची परात ओट्यावर ठेवताना उसण भरली. सरळच होता येईना. आठवडाभर निर्गुंडीचं तेल, गरम पाण्याची पिशवी, जवळच्या डॉक्टरांच्या गोळ्या. तिसऱ्या आठवड्यात त्या पुन्हा केंद्रात जायला लागल्या होत्या. “तेव्हा अर्ध्याहून जास्त बरं होतं,” हे त्यांचेच शब्द, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत महत्त्वाचं वाक्य. दुखणं उतरणीला लागलं होतं.

मग कुणी नातेवाइकांनी सुचवलं, एकदा एमआरआय करून टाका, मनाची खात्री होईल. रिपोर्टात होतं: एल४-एल५ आणि एल५-एस१ या दोन पातळ्यांवर डिस्क डेसिकेशन, डिफ्यूज बल्ज, थीकल सॅकवर इंडेंटेशन (म्हणजे कमरेच्या तळच्या दोन मणक्यांमधल्या चकत्या सुकलेल्या, सगळीकडून थोड्या फुगलेल्या, आणि नसांभोवतीच्या पिशवीवर त्यांचा खळगा). मुलीने एकेक शब्द मोबाइलवर शोधला. रिपोर्ट ज्यांना दाखवला त्यांनी दोन-तीन मिनिटांत सांगितलं, मणक्यात गॅप आलाय, आता आयुष्यभर जपायचं. वाकायचं नाही, खाली बसायचं नाही, दोन किलोच्या वर उचलायचं नाही. नाहीतर ऑपरेशन.

पोळ्यांचा धंदा करणाऱ्या बाईला दोन किलोची मर्यादा. त्यांची एक परातच भरली की पाच किलोच्या पुढे जाते.

तिथून पुढे दुखणं चढतच गेलं. कमरेला पट्टा आला तो झोपतानाच सुटायचा. तिसरी बाई पगारावर ठेवावी लागली, संध्याकाळची पाळी बंद झाली. एका ठिकाणी फिजिओथेरपीचं पॅकेज झालं: ट्रॅक्शन (कंबर ताणणं), अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरी सोडणं), करंट. पडदा ओढून मशीन लावायचं, घड्याळ लावायचं, वाजलं की कुणीतरी येऊन काढायचं. संध्याकाळपर्यंत बरं वाटायचं, सकाळी पहिले पाढे पंचावन्न. पॅकेज संपलं, दुसरं घेतलं, तेही संपलं.

श्रावण लागताना त्या माझ्याकडे आल्या. दुखण्याचा आकडा शून्य ते दहात सात. रोलंड-मॉरिस प्रश्नावलीत (रोजच्या हालचालींबद्दलची २४ विधानं असतात, जितकी लागू तितका त्रास जास्त) १७. खुर्चीत बसल्या त्या काठावर, दोन्ही हात मांडीवर रोवून.

तपासणी

पहिल्या भेटीला पाऊण तास ठेवते. यातला निम्मा वेळ वाईट काही नाही ना हे पाहण्यात जातो. ताप, वजन घटणं, पूर्वीचा कर्करोग, दीर्घकाळ स्टेरॉइड, पडणं-आपटणं, रात्री झोपेतून उठवणारं सतत वाढतं दुखणं. लघवी-शौचाचा ताबा, मांड्यांच्या आतल्या बाजूचा बधिरपणा. पायाच्या अंगठ्याची ताकद, टाचांवर आणि चवड्यांवर चालणं, गुडघ्याच्या व घोट्याच्या प्रतिक्षिप्त क्रिया, पाय सरळ उचलून पाहणं. ताईंच्या बाबतीत हे सगळं ठीक होतं. अशी दुखणी, ज्यांत एका विशिष्ट रचनेवर बोट ठेवता येत नाही, ती एकूण कंबरदुखीच्या जवळजवळ ९० टक्के असतात.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ही तपासणी मी रोगनिदानासाठी करते, पण रुग्णाला ती तशी वाटत नाही. त्यांच्या दृष्टीने सहा-सात महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी दुखऱ्या जागेवर हात ठेवला होता. आधीच्या ठिकाणी फोटो पाहिला गेला, कंबर नाही. प्रत्येक चाचणीनंतर मी मोठ्याने सांगत होते: ही ताकद चांगली आहे, ही नस मोकळी आहे, इथे काही दबलेलं नाही. हे गुळगुळीत सांत्वन नव्हतं. “काळजी करू नका” असं तोंडदेखलं म्हणणं आणि पायाचा अंगठा दाबून “बघा, मला तुमचा अंगठा खाली नेता येत नाही” म्हणणं यांत फरक आहे. पहिल्याने माणूस घाबरतो, कारण त्याला वाटतं आपलं ऐकलंच गेलेलं नाही.

तपासणी संपली तेव्हा त्या खुर्चीत मागे टेकून बसल्या. अजून एकही उपचार झालेला नव्हता.

रिपोर्टचं काय करायचं

रिपोर्ट बाजूला सारून चालत नाही. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत रोज पर्समध्ये फिरत होता. तो टेबलावर उघडून एकेका ओळीवर बोललो.

२०१५ साली ब्रिंजिकजी आणि सहकाऱ्यांनी ३३ अभ्यास एकत्र करून पाहिले. ज्यांची कंबर कधी दुखत नव्हती अशा ३,११० लोकांचे मणक्याचे स्कॅन त्यांत होते. चाळिशीतल्या निरोगी माणसांमध्ये ६८ टक्क्यांच्या चकत्यांत झीज म्हणता येईल असे बदल होते, ५० टक्क्यांत बल्ज. पन्नाशीत हेच आकडे ८० आणि ६०. म्हणजे नौपाड्यातून तलावपाळीला फिरायला जाणाऱ्या, काहीही न दुखणाऱ्या ताईंच्या वयाच्या बायकांना उद्या मशीनमध्ये घातलं, तर जवळजवळ निम्म्या जणी असाच रिपोर्ट हातात घेऊन बाहेर येतील.

आकडे ऐकून ताईंनी मान हलवली, पण पटलं नव्हतं. मग त्यांचा उजवा हात पाहिला. अंगठ्याच्या खाली, लाटण्याने पडलेले घट्टे. विचारलं, “हा तुमच्या हाताचा आजार का?” त्या म्हणाल्या, “छे, हे तर कामाचं.” चकतीचंही बरंचसं असंच असतं, वापरातल्या अवयवाचं. हे त्यांना लगेच पोचलं. पुढच्या भेटीला तेच वाक्य त्यांनी यजमानांना माझ्यासमोर सांगितलं, माझ्यापेक्षा चांगल्या शब्दांत.

शब्दांनी अपाय होतो, हा नुसता माझा समज नाही. कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलमध्ये राजशेखरन आणि सहकाऱ्यांनी यावर केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. कंबरदुखीच्या एका गटाला एमआरआयमधले दोष जसेच्या तसे समजावले, दुसऱ्याला सांगितलं की मणका ठीक आहे, हे वयाप्रमाणे होणारे बदल आहेत. सहा आठवड्यांनी पहिल्या गटाची स्वतःच्या पाठीबद्दलची धास्ती वाढलेली होती, दुखणं कमी उतरलं होतं आणि हालचालीही मागे पडल्या होत्या. स्कॅन तसेच, माणसं तशीच, सांगणं वेगळं. मला यातली सर्वांत बोचणारी गोष्ट ही वाटते की ‘मणक्यात गॅप आलाय’ म्हणायला आणि ‘वयाला साजेसे बदल आहेत, धोक्याचं काही दिसत नाही’ म्हणायला सारखेच सेकंद लागतात. गर्दीच्या ओपीडीत पाऊण तास मिळणार नाही, हे मान्य. वाक्य मात्र बदलता येतं.

पायाळू

दुसऱ्या भेटीला ताई आवाज उतरवून म्हणाल्या, “मॅडम, एक सांगू? हसणार नाही ना?” मे महिन्यात संगमेश्वरजवळ त्यांच्या गावी लग्न होतं. तिथे त्यांच्या चुलतसासूबाई पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेल्या. पायाळू माणसाने पाय लावला की उसण जाते, ही कोकणात आणि घाटावरही घरोघरी ऐकायला मिळणारी समजूत. म्हाताऱ्या बाईंनी ताईंना अंगणात उभं करून कमरेला पाय लावला. लग्नघरातले आठ दिवस दुखलं नाही. ठाण्याला परतल्या आणि पुन्हा सुरू.

आमच्या व्यवसायातले लोक अशा वेळी हसतात किंवा चिडतात. मला ही माहिती एमआरआयपेक्षा उपयोगी वाटली. विचारलं, “त्या आठ दिवसांत काय काय केलंत?” खाली बसून भाज्या चिरल्या, पंगतीला वाढलं, विहिरीवरून कळशी आणली. पट्टा? बॅगेतच राहिला. “मग गॅप कुठे गेला होता आठ दिवस?” यावर त्या जोरात हसल्या.

दुखणं खोटं होतं असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. कितपत दुखेल हे चकती एकटी ठरवत नाही, एवढाच अर्थ. १९७८ मध्ये लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी दातांच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांवर प्रयोग केला. नुसत्या समजुतीने जो आराम पडतो तो नॅलॉक्सोन या औषधाने पुसला जातो, असं त्यात दिसलं. नॅलॉक्सोन अफूजन्य वेदनाशामकांचा परिणाम थांबवतं. म्हणजे विश्वासाने आराम पडतो तेव्हा शरीर स्वतःची वेदनाशामकं खरोखरच वापरत असतं. चुलतसासूबाईंच्या पायाने चकतीला काही केलं नाही. वडीलधाऱ्या माणसाचा हात (इथे पाय), सगळं घर भोवती जमलेलं, आता जाईल ही खात्री, धंद्याच्या काळजीपासून लांब असलेले आठ दिवस, लग्नातली धावपळ: यांनी बरंच काही केलं. आणि ते टिकलं नाही, कारण परतल्यावर त्याच रिपोर्टाशी, त्याच पट्ट्याशी आणि बंद पडलेल्या संध्याकाळच्या पाळीशी गाठ होती.

मशीनचा प्रश्न

“करंट नाही लावणार?” हा प्रश्न पहिल्याच दिवशी आला होता. डॉक्टरांसाठी उपचारांच्या सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत कंबरदुखीसाठी ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड, टेन्स आणि इंटरफेरेन्शियल (हे करंटचेच दोन प्रकार) आणि पट्टे, यांतलं काहीही देऊ नये असं म्हटलं आहे. ताईंना यातलं जवळपास सगळं आधी मिळालेलं होतं. कागदावर उत्तर सोपं आहे, लावायचं नाही.

पण कॅनडात फुएन्तेस आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या प्रश्नाला वेगळं वळण देतो. जुनाट कंबरदुखीचे ११७ रुग्ण, चार गट. काहींना खरा इंटरफेरेन्शियल करंट, काहींना मशीन लावलेलं पण प्रवाह बंद. त्यात पुन्हा दोन भाग: काहींशी थेरपिस्ट जेवढ्यास तेवढं बोलून खोलीबाहेर जायचा, काहींची नीट विचारपूस करायचा, ऐकून घ्यायचा, जवळ थांबायचा. शून्य ते दहाच्या मापात दुखणं किती उतरलं? बंद मशीन आणि तुटक वागणं: १.०३. खरा करंट आणि तुटक वागणं: १.८३. बंद मशीन आणि आपुलकी: २.२२. खरा करंट आणि आपुलकी: ३.१३. करंटने भर घातली, हे नाकारता येत नाही. पण बंद मशीनशेजारी बसलेला माणूस चालू मशीन लावून निघून गेलेल्या माणसापेक्षा पुढे गेला. हा एकाच बैठकीतला परिणाम होता, महिन्यांचा नव्हे, हे विसरू नये. तरी पडदा ओढून घड्याळ लावण्याची जी पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, ती या चारातल्या कुठल्या गटात बसते ते प्रत्येक क्लिनिकने स्वतःशी ताडून पाहावं.

मी सुरुवातीच्या काही भेटींत करंट लावला, आणि ताईंना स्पष्ट सांगून लावला: “याने थोडा वेळ हलकं वाटेल. मणक्यात काही बदलणार नाही. ही पंधरा मिनिटं आपण बोलायला वापरू.” माझ्या काही सहकाऱ्यांना हे पटणार नाही. त्यांचं म्हणणं, जे लागत नाही ते द्यायचंच कशाला. माझं म्हणणं असं की सहा-सात महिने मशीनच म्हणजे उपचार असं शिकलेल्या बाईला पहिल्याच दिवशी रिकाम्या हाताने परत पाठवलं, तर ती समोरच्या गल्लीत जाऊन पुढचं पॅकेज घेईल. खोटं मात्र बोलायचं नाही, आणि बोलावंही लागत नाही. लिस्बनमध्ये कार्व्हाल्यो आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांना ‘यात औषध नाही’ असं सांगूनच गोळ्या दिल्या. त्यामागचा विचारही समजावला. तीन आठवड्यांत त्या गटाचं दुखणं सरासरी ३० टक्क्यांनी कमी झालं, नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचं ९ टक्क्यांनी.

माझी रेघ पॅकेजपाशी आहे. दहा बैठकांचे पैसे आधी घेतले की माणूस एक गोष्ट पक्की शिकतो: माझी कंबर दुसरं कुणीतरी दुरुस्त करतं. हा शिकवलेला परावलंबीपणा हाही अविशिष्ट घटकच आहे, उलट्या दिशेने काम करणारा.

परात

व्यायाम दिले. ते कोणते, याला फारसं महत्त्व नाही असं म्हटलं तर काहींना राग येईल, पण वेगवेगळ्या व्यायामपद्धतींतला फरक अभ्यासांत लहानच निघतो. ताईंसाठी आम्ही कणीक निवडली. एके दिवशी त्यांना परात घेऊनच बोलावलं. आधी रिकामी परात जमिनीवरून ओट्याइतक्या उंचीच्या टेबलावर. मग दोन किलो पिठाची. वाकताना त्या श्वास रोखून धरायच्या, पोट आवळायच्या, एका गुडघ्यावर तोल टाकून वाकड्या उतरायच्या, हे सगळं ‘जपून’ करण्याच्या सूचनांतून आलेलं. सांगितलं, “लग्नात वाढत होतात तशा वाका.” तो संदर्भ त्यांच्याच अनुभवातला होता, त्यामुळे शरीराला तो कळला. दुखलं, पण घाबरवणारं नाही. पुढच्या आठवड्यात वजन वाढवलं, आणि पट्टा केंद्रातल्या खुंटीवर अडकवून ठेवायला सांगितला: लागला तर आहे, नाहीतर राहू दे.

यजमानांना एकदा सोबत बोलावलं. भला माणूस. वागळे इस्टेटमध्ये नोकरी, घरी आल्यावर ताईंना बादलीसुद्धा उचलू देत नव्हते. सासूबाई तर त्या खाली वाकल्या की ओरडायच्या. प्रेमच ते, पण दिवसातून पन्नास वेळा ‘तुझी पाठ कमजोर आहे’ असा निरोप जात होता. कारण विचारल्यावर कळलं, यजमानांच्या थोरल्या भावाचं मणक्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ते नीट निभावलं नव्हतं. भीती दोघांची होती, दुखणं एकीचं. त्यांना अडवण्याऐवजी दुसरं काम दिलं: संध्याकाळी दोघांनी तलावपाळीला फेरी मारून मगच कळव्याची गाडी पकडायची.

गणपती

पाचव्या-सहाव्या आठवड्यात गणपती आले. केंद्राला उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी. ताई दोन दिवस जवळजवळ सलग पाटावर बसून पाऱ्या वळत होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी उठता येईना. यजमानांचा फोन आला तेव्हा ते दुसऱ्या फोनवर एमआरआय सेंटरची वेळ विचारत होते.

फोनवर आधी तेच प्रश्न: लघवी अडतेय का, मांड्यांच्या आत बधिर आहे का, पाऊल लटकतंय का, ताप आहे का. सगळ्याला नाही. मग ताईंना फोन द्यायला सांगितला. “दुखणं वाढलंय, इजा झालेली नाही. दोन दिवस न उठता बसलात तर माझीसुद्धा कंबर धरेल. आज घरात फिरत राहा, शेक घ्या, झोपून राहू नका. एमआरआय नको.” चार दिवसांत त्या परत ओट्याशी उभ्या होत्या.

त्या चार दिवसांत मी रोज करंट लावला असता, तर श्रेय करंटला गेलं असतं. गोळी दिली असती तर गोळीला. माणूस उपचाराला येतो तेव्हा बहुधा दुखणं टोकाला असतं, आणि टोकावरून ते आपोआपही खाली येतं. ऑस्ट्रेलियात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अचानक कंबर धरलेल्या १,६५२ जणांना नियमित पॅरासिटामॉल, लागेल तसं पॅरासिटामॉल किंवा औषध नसलेली गोळी दिली होती. निम्मे रुग्ण बरे होईपर्यंत गेलेला काळ अनुक्रमे १७, १७ आणि १६ दिवस. तिन्ही गटांत दिलासा होता, सल्ला होता, आणि दिवस जात होते.

मग श्रेय कुणाचं?

गणपतीनंतर दुखण्याचा आकडा पाचावर, रोलंड-मॉरिस ११. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी संपल्यावर दोन-तीन आणि ५. संध्याकाळची पाळी पुन्हा सुरू झाली.

एका रुग्णावरून कारण सिद्ध होत नाही. सहा-सात महिन्यांचं दुखणं नुसत्या काळाने इतकं उतरेल असं मला वाटत नाही, पण तेही झालं नसेलच असं म्हणता येणार नाही. करंटचा वाटा तात्पुरता असावा. वजन वाढवत नेण्याचा वाटा मी मोठा मानते, आणि त्यातही स्नायू किती बळकट झाले यापेक्षा, परात उचलली आणि काही मोडलं नाही हे ताईंनी स्वतः पाहिलं, याचा. ‘मी बरी होईन का’ याबद्दलची रुग्णाची स्वतःची अपेक्षा पुढे काय होणार याचा बऱ्यापैकी अंदाज देते, हे अनेक अभ्यासांतून आलेलं आहे. ताईंची अपेक्षा पहिल्या भेटीत जमिनीला टेकलेली होती, दिवाळीत नव्हती.

या घटकांची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. २००१ मध्ये ऱ्होब्यार्टसन आणि ग्योत्शे यांनी प्लासिबो (औषध नसलेली गोळी किंवा नुसता दिखाऊ उपचार) दिलेला गट आणि काहीच उपचार न दिलेला गट अशी तुलना असलेल्या अनेक चाचण्या एकत्र तपासल्या. मोजता येणाऱ्या शारीरिक बाबींवर प्लासिबोचा परिणाम जवळपास दिसला नाही. रुग्ण स्वतः सांगतो त्या तक्रारींत, विशेषतः वेदनेत, थोडा दिसला. लटकलेलं पाऊल आपुलकीने उचललं जात नाही. लघवी अडली असेल तर समजावत बसायचं नसतं, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं असतं. आणि हेच घटक भोंदू माणसाच्याही हाताशी असतात. त्याच्याकडे आत्मविश्वास आमच्यापेक्षा जास्तच असतो. आमच्या बाजूला तपासणी आहे, आणि ‘याने मणक्यात काही बदलणार नाही’ हे तोंडावर सांगण्याची तयारी. ती नसेल तर फरक फक्त फीचा.

जर्मनीत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अॅक्युपंक्चरच्या मोठ्या चाचणीत, १,१६२ रुग्णांत, शास्त्रोक्त सुयांनी ४७.६ टक्के लोकांना फरक पडला, चुकीच्या जागी वरवर टोचलेल्या सुयांनी ४४.२, आणि औषधं, फिजिओथेरपी, व्यायाम यांच्या नेहमीच्या उपचारांनी २७.४. अॅक्युपंक्चरवाले आणि त्यांचे टीकाकार दोघेही हा निकाल आपल्या बाजूने वाचतात. मला त्यातला तिसरा आकडा खटकतो. आमचे ‘नेहमीचे उपचार’ खोट्या सुईच्याही इतके मागे का पडले? त्या रुग्णांना हे सगळं आधी मिळून गेलेलं होतं आणि त्याचा फारसा उपयोग न झाल्याचंही त्यांना आठवत होतं, हे एक कारण असू शकतं. ताई माझ्याकडे आल्या त्या अशाच.

ताईंना विचाराल तर त्या म्हणतात, करंटने गेलं, “पण मॅडमकडचं मशीन चांगलं आहे.” केंद्रातल्या दोन गिऱ्हाइकांना त्यांनी याच शिफारशीवर पाठवलंय. त्या दोघींना पहिल्या दिवशी मशीन लावलेलं नाही. एक परत आली, एक आली नाही. यजमान म्हणतात चालण्याने. सासूबाईंचा कौल चुलतसासूबाईंना.

सध्याची स्थिती: पट्टा खुंटीवरून उतरतो तो घोडबंदर रोडवरून कासारवडवलीला बहिणीकडे जातानाच, आणि त्या खड्ड्यांत तो कुणी लावला तर मी हरकत घेत नाही. भरलेली परात त्या स्वतः उचलतात. पिठाचं पोतं मात्र अजून मदतनीस बाईच सरकवते. ते उचलायलाच हवं असा आग्रह मी धरलेला नाही, ताईंनाही तशी गरज वाटत नाही. पुढची भेट संक्रांतीच्या ऑर्डरी संपल्यावर ठरली आहे.